फुटक्या वाडग्याचं कोरिंथ

कोरिंथला जाऊन आलेला कुणीही तुम्हाला एक फोटो हमखास दाखवेल. अपोलोच्या देवळाचे उरलेले सात खांब, मागे अक्रोकोरिंथचा डोंगर आणि पुढे गॉगल लावलेली स्वारी. माझ्याकडेही आहे तो. पण 2018 च्या मे महिन्यात तिथे काढलेले चार दिवस आठवले, की माझ्या डोळ्यांसमोर येतो टॅव्हर्नातला एक फुटका वाडगा.

त्याचं झालं असं. पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व शिकलेली माझी एक मैत्रीण तेव्हा ग्रीसमध्ये बायझंटाइन खापरांची चित्रं काढत होती. बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. 1453 मध्ये ते संपलं. तर त्या काळातल्या तुटक्या भांड्यांसमोर पेन्सिल घेऊन बसायचं, हीच हिची नोकरी. मी अथेन्सला सुट्टीवर होते. "ये चार दिवस," म्हणाली.

अथेन्सहून लोकल ट्रेनने नवं कोरिंथ, आणि तिथून साधारण 7 किलोमीटरवर जुनं. 1858 च्या भूकंपात जुनं शहर पडलं, तेव्हा वस्ती समुद्रकाठी हलली. जुन्या जागी आता छोटंसं गाव आहे. उत्खनन, म्युझियम आणि त्यांच्याभोवती टॅव्हर्ना.

"तुमच्याकडे कॅमेरा नाही का गं?" पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं. ती काही बोलली नाही. खऱ्या खापराला हात लावायला परवानगी लागते, म्हणून तिने टॅव्हर्नाच्या मालकाकडून एका फुटलेल्या वाडग्याचा तळहाताएवढा तुकडा मागून आणला. "यावरून अख्खा वाडगा काढ."

रीत अशी. तुकड्याचा काठ टेबलावर पालथा टेकवायचा आणि हलवत राहायचं. काठाखालून उजेड दिसला की समजायचं, धरलेला कोन चुकला. कोन बसला की एकात एक वर्तुळं छापलेल्या कागदावर काठ ठेवून कुठल्या वर्तुळाशी जुळतो ते बघायचं. तोच भांड्याचा व्यास. मग कंगव्यासारख्या एका साधनाचे दात तुकड्यावर दाबून बाहेरचा वळसा उतरवून घ्यायचा, कॅलिपरने जाडी मोजायची. कागदावर मधोमध उभी रेघ. एका बाजूला भांडं कापल्यासारखा छेद, दुसऱ्या बाजूला ते बाहेरून दिसतं तसं. सगळं खऱ्या मापात. छापताना लहान करतात.

ऐकायला सोपं आहे. मी तासभर घाम गाळला आणि 32 सेंटिमीटरचा वाडगा काढला. तिने आतून त्याच सेटमधला धड वाडगा आणून शेजारी ठेवला. 20 सेंटिमीटर! मी वाडग्याची चक्क परात केली होती.

"आता सांग, फोटोत तुला जाडी दिसली असती?" ती म्हणाली. "आणि उरलेला वाडगा?"

दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये गेलो. तुम्ही जाल तेव्हा संगमरवरी पुतळ्यांपाशी फार रेंगाळू नका. पुतळे ग्रीसभर आहेत. इथली एक थाळी मात्र बघाच. 13 व्या शतकाच्या सुरुवातीची. घडीच्या स्टुलावर बसलेला लांब केसांचा पुरुष, त्याच्या मांडीवर तरुणी आणि शेजारी एक ससा. सातआठशे वर्षांपूर्वी कुणी तरी यात जेवण वाढलं असेल! अ‍ॅलिसन फ्रांट्झ या अभ्यासिकेने 1940 च्या सुमारास अशा थाळ्यांवरची चित्रं दिगेनिस अक्रितास या बायझंटाइन वीरकाव्याच्या नायकाशी जोडली. हा तोच का, यावर मतं वेगळी आहेत. मला तर तो एखाद्या कॅफेत बसलेला बॉयफ्रेंड वाटला.

काचेबाहेर उभी राहून मी तो ससा काढायला घेतला. चार वेळा खोडला, आणि तेव्हा लक्षात आलं की मूळ कुंभाराला खोडरबर नव्हतं. लाल मातीचं भांडं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने कोरलेली रेघ. लेप कापला की खालची लाल माती उघडी पडते. वरून शिशाचं झिलईदार ग्लेझ देऊन भाजलं, की तीच रेघ गडद तपकिरी दिसते. या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात. सशाचा कान एका दमात ओढलेला होता. नुसतं बघून पुढे गेले असते, तर हे मला कळलंच नसतं.

काही वाडग्यांच्या आत तीन बारीक डाग दिसतात. ही खोट नाही. साधारण 13 व्या शतकापासून भट्टीत भांडी एकात एक रचताना मध्ये मातीची तिपाई ठेवू लागले, तिच्या पायांचे ते ठसे. म्हणजे माल थोक प्रमाणात निघायला लागला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ही माणसं राहायची कुठे?" तिने सात खांबांच्या खालच्या मोकळ्या रोमन चौकाकडे बोट दाखवलं. "इथेच. वर."

वर म्हणजे रोमन थराच्या वर. 12 व्या शतकातलं कोरिंथ श्रीमंत होतं. 1147 मध्ये सिसिलीच्या नॉर्मन लोकांनी ते लुटलं, तेव्हा रेशीम विणणारे कारागीरही पकडून नेले. अमेरिकन संस्थेचं उत्खनन 1896 पासून चालू आहे. त्यात, मुख्यतः 1930 च्या दशकात, खालचा रोमन चौक मोकळा करताना वरची बायझंटाइन घरं, दुकानं, गल्ल्या काढून टाकल्या गेल्या. जगाला सेंट पॉलचं कोरिंथ हवं होतं, हे समजू शकते. तरी त्या रिकाम्या चौकात उभं राहून मला राग आला. ते शहर आता फक्त वह्यांत, नकाशांत आणि खापरांत आहे.

चार्ल्स मॉर्गन यांनी 1942 मध्ये या भांड्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. पुढे गाय सँडर्स यांच्या अभ्यासाने त्यातल्या बऱ्याच तारखा बदलल्या, भांडी मॉर्गन मानत होते त्यापेक्षा अलीकडची ठरली. "पण वाडग्याचा आकार कुठे बदलला?" मैत्रीण म्हणाली. "छेद बरोबर काढलेला असला, की पुढचा माणूस त्यावरून नव्याने भांडू शकतो." तिचं स्वतःचं नाव बहुतेक वेळा पुस्तकाच्या आभारांत बारीक टायपात येतं. मला ते खटकतं. तिला खटकतं की नाही, ते तिने सांगितलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी पुन्हा तोच तुकडा घेतला. काठ टेकवला, उजेड बघितला, फिरवला, पुन्हा बघितला. या वेळी वाडगा आला 21 सेंटिमीटरचा.

"एक सेंटिमीटर," असं म्हणून तिने खोडरबर माझ्यापुढे सरकवलं.