आधी थांबव, मग मार!

फुटबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मध्यरात्रीची मॅच, सोफ्यावर पसरलेले मित्र, चिप्सचं पाकीट आणि टीव्हीकडे बघून ओरडणं, ‘अरे पास दे ना यार!’ हे सगळं मीही वर्षानुवर्षं केलंय. ऑफसाइड म्हणजे काय, ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. एकच गोष्ट राहून गेली होती. बॉलला पाय लावणं!

तो योग आला खामगावात. पुण्यातली नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि लक्षात आलं, लॅपटॉप आणि नेट असलं की लेख बुलडाणा जिल्ह्यातूनही तितक्याच वेळात पोचतो. मग वर्षातले काही महिने मुक्काम घरीच. घरापासून पाच मिनिटांवर शाळेचं मैदान. सकाळी सहाला तिथं बारा-तेरा वर्षांची पोरंपोरी आणि त्यांना शिकवणारे एक सर. एक दिवस धीर करून विचारलं, ‘मलाही शिकवाल का?’ सरांनी आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘या उद्यापासून.’

टर्फवर खेळणाऱ्या मंडळींना आमच्या मैदानाची ओळख करून द्यायलाच हवी. खाली कपाशीची काळी माती, वर मुरूम. उन्हाळ्यात जमीन तडकते, पावसाळ्यात तीच माती बुटाला चिकटून पाय जड करते. हिरवळ फक्त कडेला, तीही शेळ्यांची. लांब स्टड्सचे बूट इथं शोभेचे, कडक जमिनीवर तळवे नुसते ठणकतात. खाली छोटे रबरी ठिपके असलेले सपाट बूट बेस्ट.

मला वाटलं, पहिल्या दिवशी किक शिकवतील. छे! पहिले दोन आठवडे एकच काम, आलेला बॉल थांबवायचा. मोठ्यांचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. ताठ पायावर आदळला की भिंतीवर आपटल्यासारखा लांब उडतो. म्हणून बॉल टेकतो त्याच क्षणी पाय किंचित मागे घ्यायचा. कुणी अंडं फेकलं तर हात कसा मागे नेत झेलू, अगदी तसंच. माझ्या खांद्याएवढी एक पोरगी वैतागून म्हणाली, ‘ताई, एवढी कडक कावून होऊन रायली? पाय मांगं घे ना!’ आत्तापर्यंतचा सर्वोत्तम कोचिंग सल्ला हाच.

मग पास. पायाच्या आतल्या बाजूने, घोटा घट्ट धरून. गंमत म्हणजे बॉल कुठं जाणार हे बरंचसं दुसरा पाय ठरवतो. तो बॉलच्या शेजारी टेकवायचा आणि अंगठा पास द्यायचा त्या दिशेला. मग ड्रिब्लिंग. धावताना दर पावलाला बॉलला हलकासा स्पर्श, नजर मात्र वर. आणि हे सगळं डाव्या पायानेसुद्धा! माझा डावा पाय तोवर फक्त उभं राहण्याच्या कामाचा होता.

१९९८ च्या वर्ल्ड कपमधला डेनिस बर्गकॅम्पचा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल इंटरनेटवर जरूर बघा. लांबून हवेतून आलेला बॉल पहिल्या स्पर्शात शांत, दुसऱ्यात बचावपटू चकलेला, तिसऱ्यात गोल. आपण टाळ्या तिसऱ्यासाठी वाजवतो. खरा खेळ पहिल्यात आहे.

विदर्भाला हे नवं नाही. नागपुरात विजय बारसे सरांना झोपडपट्टीतली मुलं पावसात तुटकी बादली लाथाडताना दिसली आणि २००१ मध्ये त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. ‘झुंड’ हा २०२२ चा सिनेमा त्यावरच बेतलेला. सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ झालं. एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, हे टार्गेट. पुढच्याच महिन्यात १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात होता ना! पण एक दिवस किक मारणं सोपं. दुसऱ्या दिवशीही सहाला मैदानावर येणं, फंडा तिथं आहे.

त्यातही मुलींसाठी. आमच्या वेळी सातवी-आठवीनंतर मैदान म्हणजे १५ ऑगस्टची कवायत. पोरांचा बॉल आमच्याकडे आलाच, तर हाताने उचलून परत द्यायचा. त्यामुळे तो पायाखाली घेऊन दोन सेकंद नुसतं उभं राहणं मला काय वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. आलेला बॉल आपलासुद्धा असतो, एवढंच.

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीची आई मैदानावर आली. सरांना म्हणाली, ‘आता मोठी झाली ना पोरगी. किती दिवस चालन हे?’ सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘या अठ्ठावीस वर्षांच्या आहेत. डाव्या पायाने पास कालच जमला.’ बाईंनी माझ्या चिखलाने माखलेल्या ट्रॅकपँटकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ती मुलगी अजून येते. सहामाही परीक्षेनंतर काय होईल, सांगता येत नाही.

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी रिकामी भिंत असेलच. बॉल आणा, ऑफिसहून आल्यावर रोज वीस मिनिटं द्या. आतल्या बाजूने पास, परत आलेला बॉल थांबवा, पुन्हा पास, दोन्ही पायांनी. खालच्या मजल्यावरचे काका ओरडतील, तेवढं सांभाळून घ्या. आणि कडेला एखादी मुलगी नुसतीच बघत उभी असेल, तर तिच्याकडे एक पास द्या. हळूच. तिला थांबवता येईल असा.