बोजा

आमच्या सांगोल्याकडं पेपर हातात आला की माणसं आधी पावसाची बातमी बघतात, मग डाळिंबाचा भाव. हल्ली तिसरीही एक गोष्ट बघतात, ती म्हणजे जाहीर नोटिसा. बारीक टायपात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि थकबाकीदाराचं नाव. मोठ्यानं कुणी वाचत नाही. ओळखीचं नाव दिसलं की पेपर गपचिप घडी घालून ठेवायचा.

पुण्याला नोकरीला असलेला माझा भाचा याच नोटिसा वेगळ्या नजरेनं वाचतो. "मामा, बँकेनं ओढलेली मालमत्ता स्वस्तात मिळती. चार पैसे गुंतवायचेत," म्हणाला. मला त्यात गैर वाटलं नाही. बँकेतला पैसा शेवटी ठेवीदारांचाच. कर्ज फिटलं नाही तर तारण विकावं लागणार, आणि विकायचं म्हटल्यावर घेणारा लागणारच. फक्त आपण काय घेतोय ते डोळ्यांनी बघून घ्यावं.

आधी त्यानं सोलापुरातला एक फ्लॅट काढला. घरादारासाठी 2002 चा सरफेसी कायदा आहे. बँक 60 दिवसांची नोटीस देते, आणि पैसे आले नाहीत तर कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकते. बोली आपली ठरली की 25 टक्के लगेच भरायचे. मालमत्ता "जशी आहे तशी, जिथं आहे तिथं" मिळते. म्हणजे थकलेली घरपट्टी, सोसायटीची बाकी, सगळं आपल्याच गळ्यात येऊ शकतं. नोटिशीत "प्रतीकात्मक ताबा" असं लिहिलेलं. भाच्याला वाटलं, ताबा म्हणजे ताबा. जाऊन बघितलं तर दारात लेकरांच्या चपला आणि आत कुकरची शिट्टी. प्रतीकात्मक म्हणजे दारावर कागद डकवलेला, माणसं आतच. त्यांना बाहेर काढायला पुढं जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश आणि पोलीस लागणार. भाचा जिन्यातूनच मागं फिरला.

महिनाभरानं त्याचा फोन आला. "मामा, तुमच्या बांधालाच तीन एकर निघालीत."

मला ठाऊक होतं. ती आबांची जमीन. डाळिंबावर तेल्या आला, दोन बहार हातचे गेले, मग बाग उपटून टाकली. शेततळ्याचं आणि ठिबकचं कर्ज तेवढं राहिलं.

शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. सहकारी बँक कलम 101 खाली वसुलीचा दाखला घेते आणि नियम 107 प्रमाणं लिलाव करते. बोली आली की 15 टक्के जागेवर, बाकीचे 15 दिवसांत. त्यानंतरही 30 दिवसांत मूळ मालकानं थकबाकी भरली आणि घेणाऱ्याला बोलीच्या 5 टक्के दिले, तर तो लिलाव रद्द करून मागू शकतो. शिवाय शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी लागतो. भाच्याच्या नावावर माढ्याला दोन एकर आहेत, त्यामुळं ती अडचण नव्हती.

अडचण माझी होती. शेजाऱ्याच्या लिलावात बोली लावायची नाही, ही गावाची रीत. तिचं मूळ जुनं असावं. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर सरकारनं 1879 चा कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला. त्या कायद्यात न्यायाधीशानं नुसतं खत बघायचं नव्हतं, त्यामागचा देण्याघेण्याचा हिशेब मुळापासून उकरायचा होता. कागदाच्या मागं बघणं आम्हाला तेव्हापासून कळतं.

मी कागदाच्या मागं बघायला लागलो. नोटिशीत विहीर होती, पण त्या विहिरीत निम्मी पाळी माझी आहे, ते नव्हतं. शेताला जायची वाट माझ्या बांधावरनं जाते, तेही नव्हतं. परका कुणी आला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण ठरलेलं. आणि कुणीच बोली लावली नाही, तर आबांचं भलं होणार होतं का? गिऱ्हाईक मिळालं नाही तर कलम 100 खाली जमीन बँकेच्या नावावर चढू शकते. पडत्या भावानं गेली तर जमीनही जाते आणि उरलेलं कर्जही डोक्यावर राहतं. घेणाऱ्याला जी स्वस्ताई दिसते, ती देणेकऱ्याच्या पदरातनंच निघालेली असते.

भाच्याला म्हटलं, "घ्यायची तर घे. पण आधी आबांच्या घरी चल."

तो कचरला. "मामा, काय बोलायचं त्यांच्यापुढं?"

"खरं तेच बोलायचं."

आबांनी चहा सांगितला. बराच वेळ पावसावर बोलणं झालं. मग मीच विषय काढला. आबा खाली बघून म्हणाले, "लिलावात घेतली तर चावडीवर माझं नाव पुकारणार. त्याच्या आधी कायतरी करा. निम्मी राहिली तरी पोरगं गाव सोडणार न्हाई."

लिलावाला अजून तीन आठवडे होते. आम्ही तिघं बँकेत गेलो. एकरकमी परतफेडीत व्याजाची सूट बसत होती. दीड एकर भाच्यानं चालू भावानं सरळ आबांकडनं घ्यायची, पैसे थेट कर्जखात्यात भरायचे आणि बँकेनं ना हरकत पत्र द्यायचं, असं ठरलं. दीड एकर तुकडेबंदीत अडकत नव्हती. साहेबांनी दोन खेपा घालायला लावल्या, पण झालं. विहिरीचं पाणी आणि वाट खरेदीखतात स्पष्ट लिहून घेतली.

भाच्याचा हिशेब मात्र बसला नाही. लिलावात ही जमीन कितीतरी कमीत मिळाली असती, असं तो अजून म्हणतो. त्याचं खोटं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की तेवढ्या फरकात तुला राखणदार मिळालाय. त्याची दीड एकर आज आबांचा पोरगाच निम्म्या वाट्यानं करतो.

पुढं फेरफार मंजूर झाला आणि आबा सात-बाराचा नवा उतारा घेऊन आले. इतर हक्कातला बँकेचा बोजा कमी झाला होता. चष्मा नव्हता म्हणून मला वाचायला लावलं. मी वाचलं. "परत वाच," म्हणाले. परत वाचलं. उतारा घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला आणि विचारलं, "मंगळवारची पाळी तुझी का माझी?"

"तुमची," मी म्हटलं. ते मोटर चालू करायला गेले.