ठाऊक नाही, हेही सांगावे

रोग्याचा ताप त्याच्या उशाशी बसून पाहता येतो. भट्टीच्या उशाशी कोण बसणार? तिचा ताप दूरच्या नियंत्रणकक्षातच कळावा लागतो. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, तेव्हापासून आम्हां बडोदेकरांना धुराड्यांचा शेजार लाभला. आमची तर सारी नोकरीच तापमान मोजणाऱ्या उपकरणांच्या संगतीत गेली. त्यांपैकी सुपारीच्या डबीएवढ्या एका उपकरणाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

भट्टीत दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून केलेला थर्मोकपल बसवितात. सांधा तापला की तारांच्या टोकांशी काही मिलिव्होल्ट विद्युतदाब उत्पन्न होतो. झेबेक यांनी १८२१ साली नोंदविलेला परिणाम तो हाच. इतका क्षीण स्वर मोटारींच्या कोलाहलातून शेकडो मीटर कसा पोचावा? म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो, तो म्हणजे सिग्नल कन्व्हर्टर. तो त्या स्वराचे ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहात रूपांतर करतो. मापनाचा आरंभ शून्यावर न ठेवता चारावर ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. प्रवाह शून्यावर आला, तर भट्टी थंड झालेली नसून मार्गातील तार तुटली आहे, हे तत्काळ कळते.

पूर्वी या डबीचे स्क्रू बारीक पेचकसाने फिरवून मापनाच्या मर्यादा बांधीत. आता संगणक जोडून संवेदकाचा प्रकार आणि मर्यादा सांगितल्या की काम झाले. एकच डबी दहा ठिकाणी चालते. ही सोय मोठी खरी. परंतु सांगण्यात चूक झाली तर दुभाषी तितक्याच आत्मविश्वासाने भलते सांगतो. के जातीचा थर्मोकपल बसवून डबीला जे जात सांगितली, तर ५०० अंशांची भट्टी सुमारे ३८० अंश दाखवील, आणि नियंत्रक बिचारा आणखी इंधन सोडील!

आणि थर्मोकपलच तुटला तर? तेव्हा प्रवाह २१ मिलिअँपिअरच्या वर न्यावा की ३.६ च्या खाली आणावा, हेही आधीच ठरवून द्यावे लागते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी डबीला संगणक जोडण्यापूर्वी भट्टीवाल्याकडे जात आणि विचारीत, "काय हो, खोटे बोलायचीच वेळ आली, तर हिने कोणत्या बाजूने बोलावे?" भट्टीसाठी उत्तर बहुधा 'वर' असे येई, आकडा चढला की इंधन तुटते आणि माणसे वाचतात. जेथे गोठून नळी फुटण्याची भीती, तेथे उत्तर 'खाली'. म्हणजे थंड करणे थांबते. पुढे एका कारखान्यात डब्यांची खेप आली तशीच बसविली गेलेली आम्ही पाहिली. भट्टीवाल्याला कोणी काही विचारले नव्हते. खोक्यातून आले तेच उत्तर सर्वत्र लागू झाले होते.

हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत मावतो, म्हणून तो लहान वाटतो. वास्तविक त्या ओळीवर रात्रपाळीच्या माणसांचा जीव अवलंबून असतो. उपकरणाने अचूक सांगावे, ही अपेक्षा सर्वांचीच असते. ठाऊक नसेल तेव्हा त्याने काय सांगावे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते, आणि तेही भट्टीजवळ उभे राहणाऱ्याला विचारून.