मागची भिंत

शनिवारी सकाळी आठ वाजता इथे ओहायोत अख्खी बिल्डिंग झोपलेली असते. आम्ही मात्र चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि वीस फूट उंच अशा एका बंद खोलीत एका पासष्टीच्या माणसाकडून मार खात असतो. या प्रकाराला रॅकेटबॉल म्हणतात :-)

झालं असं की कंपनीने ऑनसाइट पाठवलं आणि पहिल्याच थंडीत एक गोष्ट लक्षात आली. शुक्रवारी लॅपटॉप बंद केला की आपल्या तोंडातून पुढचा शब्द थेट सोमवारच्या मीटिंगमध्ये फुटतो. (आईचा फोन धरायचा नाही. त्यात ती बोलते, आपण 'हो' म्हणतो.) म्हणून जिम लावली. तिथे मागच्या बाजूला दोन रॅकेटबॉल कोर्ट होती, बहुतेक वेळ रिकामीच. १९५० मध्ये ज्यो सोबेक नावाच्या माणसाने कनेटिकटमध्ये हा खेळ सुरू केला, सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याची इथे मोठी लाट आली. लाट ओसरली. कोर्ट राहिली, आणि आजोबा राहिले.

तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारतो, पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला तसं बोलवताना जीभ अजून अडखळते. मनात आपले आजोबाच. एकटे खेळत होते, गुडघ्याला पट्टा. "येतोस का?" म्हणाले. मी कॉलेजच्या टीममधून बॅडमिंटन खेळलेला. म्हटलं, जरा सांभाळून घेऊ यांना.

पंधरा-एक. तो एकसुद्धा त्यांनी दिला असावा.

गंमत अशी की पळत मी होतो आणि घाम फक्त मलाच येत होता. समोरच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर एक तुटक रेघ असते. आजोबा फटका मारून तिच्या जरा मागे, कोर्टाच्या मधोमध येऊन उभे राहायचे. बाकीचं कोर्ट मला आंदण. त्यात पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. बॅडमिंटनमध्ये २००६ पर्यंत असंच होतं म्हणे, पण बाबांच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं. सर्व्हिस तोडायला जीव काढायचा आणि बोर्डावर शून्य!

माझा खरा घोटाळा मात्र दुसराच होता. बॅडमिंटनमध्ये फूल तुमच्या मागे पडलं की संपलं. त्यामुळे चेंडू डोक्यावरून निघाला की मी जिवाच्या आकांताने उडी मारून मनगटाने तो कसाबसा ढकलायचो. आजोबा निवांत पुढे येऊन गुडघ्याच्या खाली असा मारायचे की तो समोरच्या भिंतीच्या पायथ्याशीच मरायचा.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. डोळ्यांवरचा चष्मा आजोबा पहिल्या दिवसापासून पुढे करत होते आणि मी 'वाफ धरते' म्हणून टाळत होतो. चेंडू मला चुकवून मागे गेला, आजोबा मागून मारणार होते, आणि आता काय होतंय हे बघायला मी वळलो. पूर्ण. तोंड त्यांच्याकडे करून.

पुढचं आठवतं ते जमिनीवर बसल्यावरचं. चेंडू भुवईवर लागला होता. बोटभर खाली लागला असता तर आज हे टाइप करताना एक डोळा बंद असता. आजोबांचा चेहरा पांढरा पडला होता. बर्फ आणून दिला, शेजारी बसले, बराच वेळ बोललेच नाहीत. आईला व्हिडिओ कॉलवर 'कपाटाचं दार लागलं' असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, ते सोडा.

पुढच्या शनिवारी आजोबा कोर्टाच्या दारात चष्मा घेऊन उभे. घातल्याशिवाय आत सोडलं नाही. मग म्हणाले, "चेंडू मागे गेला की तू घाबरतोस. जाऊ दे ना त्याला. मागची भिंत कशाला बांधली आहे?"

तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी मी एकटा जातो. चेंडूचा जमिनीवर एक टप्पा पाडून तो मागच्या भिंतीवर टाकायचा, परत येताना बाजूने उभं राहून त्याच्याबरोबर पुढे सरकायचं, आणि गुडघ्याखाली आला की मारायचं. तळ्यावर चपटा दगड टप्पे खात पळवतो ना, तसा हात. रोज पन्नास उजवीकडून, पन्नास बॅकहँड. सुरुवातीला निम्मे हुकायचे, कारण थांबणं जमत नव्हतं. चेंडू हातातून गेलाय असं वाटण्याचा तो एक सेकंद फार मोठा असतो हो. पण तो परत येतो, आणि येतो तेव्हा दमलेला, मारायला सोपा असतो.

गेल्या शनिवारी पंधरा-अकरा. हरलोच. पण त्या अकरांतले चार मागच्या भिंतीवरून आले, आणि आजोबा पहिल्यांदा मध्येच पाणी प्यायला थांबले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. निघताना काउंटरवर जाऊन त्यांनी शनिवारचं आठचं कोर्ट माझ्या नावावर लावलं. "मी येईपर्यंत सोडू नकोस," म्हणाले.

नाही सोडणार.