थेंबाचा आठवा हिस्सा

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी महिनाभर खोकत होती. शेवटच्या बाकावर ओढणी तोंडाशी धरून बसायची. मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि म्हटलं, थुंकी तपासून घ्या. ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "टीचर, मोठीचं जमतंय. तेवढं उरकू द्या."

हे बोलणं मी माझ्या घरात ऐकलेलं होतं. 2008 साली धाकट्या बहिणीची मंगनी झाली होती आणि ती खोकत होती. अम्मी म्हणायची, हवा बदलली की जाईल. दोन महिन्यांनी थुंकी तपासली. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि अम्मीने शुक्राची नमाज पढली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत ते पाच-दहा हजार तरी असावे लागतात, त्याहून कमी असले तर काच स्वच्छच दिसते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. खोकला हटेना तेव्हा नमुना शहरात कल्चरला पाठवला. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. सहा आठवडे थांबलो. हे सगळे महिने बहीण दादीच्या खाटेला खाट लावून झोपत होती.

बहीण औषधांनी बरी झाली. मंगनी मोडली, तीही आजारामुळे नाही, आम्ही लपवलं म्हणून. दादी त्या हिवाळ्यात गेली. ती शेवटी शेवटी का खोकत होती, हे आमच्या घरात आजही कुणी विचारत नाही.

दादीबद्दल मी बाहेर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी त्या आईला सांगितलं. ती गप्प राहिली, पण दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माझ्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात आली. तिथे खिडकीवर सांगितलं, "चिप संपल्यात, गुरुवारी या." चिप म्हटल्यावर तिला वेफर्सचं पाकीट आठवलं, पण मला हसू आलं नाही. महत्प्रयासाने घराबाहेर पडलेली बाई पुन्हा येईल याची खात्री कोण देणार?

गुरुवारी ती आली.

मी भाषा शिकवणारी बाई, विज्ञानाशी माझा संबंध बीएड झाल्यावर संपला. पण लॅबमधला मुलगा सांगायला उत्सुक होता आणि मला वेळ काढायचाच होता. टेबलावर टिफिनच्या डब्यांसारखी दोन यंत्रं होती. नाव ट्रूनॅट. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने विकसित केलेलं, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या तपासणीसाठी त्याची शिफारस केली आहे. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतं. आमच्याकडे ही मोठीच गोष्ट.

त्याने थुंकी औषध घालून पातळ केली. पहिल्या यंत्राने तिच्यातला डीएनए वेगळा काढला. मग बोटाएवढ्या चिपवरच्या इवल्याशा खळग्यात सहा मायक्रोलिटर द्रव सोडला, म्हणजे साध्या थेंबाचा आठवा हिस्सा! यंत्र तो पुन्हा पुन्हा तापवतं आणि थंड करतं. जंतूचा डीएनए असेल तर दर फेरीला त्याच्या प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. मी विचारलं, मग एवढं कमी कशाला घेता? जास्त घेतलं तर जास्त खात्री नाही का?

तो म्हणाला, "मॅडम, पातेलंभर रस्सा निवायला किती वेळ लागतो? आणि चमच्यातला?"

बहिणींनो, चमच्यातल्या रश्श्यावर मुलांसाठी फुंकर मारत माझी निम्मी जिंदगी गेली, पण हे कधी सुचलं नव्हतं. इतकासा द्रव क्षणात तापतो, क्षणात निवतो, म्हणून वेळ कमी, वीज कमी, आणि मोठ्या वातानुकूलित लॅबची गरज नाही. अम्मीची शुगर बघायची पट्टीही याच जातीची. रक्ताचा टिपूस टेकवला की पट्टी तो आपणहून आत ओढते. घरात रोज वापरतो, पण आत काय चालतं ते आपण बघत नाही.

तासाभरात रिपोर्ट आला. क्षय होता. मग दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का ते पाहिलं. देत होते. त्यालाही आणखी एक तास लागला. आई बाकावर बसून तसबीह फिरवत होती. रिपोर्ट ऐकून ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "घरात सात माणसं आहेत. सगळ्यांना आणू का?"

त्या रात्री मी बहिणीला फोन केला. यंत्र, चिप, चमचा, सगळं सांगत सुटले. ती ऐकत होती.

"आपा, एका तासात?"

"हो."

पुढे ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, "दादीची खाट अजून आहे का गं घरात?"