भोकरदन म्हणजे कोठे?

गैरसमजाचे खापर बहुधा कोणाच्या तरी अज्ञानावर किंवा अप्रामाणिकपणावर फोडले जाते. परंतु सांगणारा खरे सांगतो, ऐकणारा लक्षपूर्वक ऐकतो आणि तरीही अर्थ हुकतो, अशी उदाहरणे अर्थनिर्णयनाच्या अभ्यासकाला अधिक विचारप्रवृत्त करतात. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई हे असेच एक उदाहरण होय. एका बाजूस शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्लीच्या हाताखालील कंपनीची फौज, हा तिचा परिचित तपशील. ती त्याच दिवशी आणि तशीच का घडली, याचे एक कारण मात्र एका स्थलनामाच्या अर्थात दडलेले आहे.

२१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली आणि वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्रित हल्ला करण्याचे ठरले. शत्रू भोकरदनला आहे, अशी हरकाऱ्यांची बातमी होती. नळणीच्या तळावर आल्यावर मात्र छावणी अपेक्षेपेक्षा पुष्कळच जवळ असल्याचे वेलस्लीला कळले, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाई दिली. कंपनीच्या बाजूची दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मारली गेली वा जखमी झाली. पुढे टॉमस मन्रो यास लिहिलेल्या पत्रात वेलस्लीने चुकीचा उलगडा केला. छावणीची उजवी बाजू भोकरदनला होती, आणि त्या सबंध मुलखालाही भोकरदनचेच नाव होते; ज्या पायदळावर त्याला चालून जायचे होते, ते मात्र काही मैलांवरील असईपाशी, डाव्या बाजूस होते.

म्हणजे हरकाऱ्यांचे उत्तर असत्य नव्हते. त्यांच्या लेखी भोकरदन हा एक विस्तार होता. सेनापतीच्या लेखी तो अंतर मोजण्याचा एक बिंदू होता. एकच शब्द दोन संकेतव्यवस्थांत वावरत होता, आणि तो एकच असल्यामुळेच भेद लक्षात येत नव्हता. 

केळणा नदीच्या उताराची कथा याला जोडून वाचावी लागते. जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव व वरूड ही गावे पाहिली. इतक्या जवळच्या गावांत येणेजाणे असणारच, असे अनुमान केले आणि ते खरे ठरले. ही कथा त्याच्या बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु उतार म्हणजे पायी माणसाचा की तोफांच्या गाड्यांचा, हा भेद त्या कथेत नाही. वाटाड्यांचे उत्तर तेवढे उरले. त्यांनी ऐकलेला प्रश्न उरला नाही.

हा सारा भाषाभेदाचा परिणाम, असे म्हणावे तर त्याच दिवसाची तिसरी घटना आड येते. असई गावापासून दूर राहावे, असा हुकूम असताना आघाडीच्या तुकड्यांचा अधिकारी त्यांना थेट गावाच्या रोखाने घेऊन गेला. मागोमाग गेलेल्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची भयंकर हानी झाली. येथे भाषा एक होती, शिस्त एक होती. निराळी होती ती फक्त उभे राहण्याची जागा.

गाडामर याने आकलनाला क्षितिजांचे मीलन म्हटले. असईच्या बाबतीत अडचण अशी, की एकच क्षितिज लेखी स्वरूपात हाती येते. हरकाऱ्यांची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचते ती, ज्याने तिचा अर्थ चुकवला त्याच्याच पत्रातून. एरवी मोकळेपणाने लिहिलेले ते पत्रही त्यांना प्रतिप्रश्नाची संधी देऊ शकत नाही. म्हणून अशी संहिता वाचताना 'कोण चुकले?' या प्रश्नाआधी 'कोणाला काय विचारले गेले होते?' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. अन्यथा लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन तेवढा वस्तुस्थिती ठरतो, आणि न लिहिणाऱ्याचे खरे उत्तरही कायमचे चूक म्हणून नोंदले जाते.