ऑफिसला निघाले गं, आई!

सकाळी सात पन्नास. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, केस अजून ओले. 'निघाले गं, आई!' म्हणत मी चपला घालते. आठ बाराची लोकल पकडायची, दारात लटकायचं नाही अशी बाबांची रोजची सूचना ऐकायची, डोंबिवली स्टेशनचा जिना धावत चढायचा. इथपर्यंत सगळं तुमच्यासारखंच. फरक एकच होता. मला जायला ऑफिसच नव्हतं!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका मासिकात सब-एडिटर होते. एका शुक्रवारी आम्हा सहा जणांना केबिनमध्ये बोलावलं गेलं, 'रिस्ट्रक्चरिंग' नावाचा गोड शब्द ऐकवला गेला आणि एका महिन्याचा पगार देऊन आमची पाठवणी झाली. तेव्हा बाबांना बँकेतून रिटायर होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. धाकट्या भावाची अ‍ॅडमिशन तोंडावर आली होती. म्हटलं, दुसरी नोकरी मिळाली की एकदमच सांगू. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. पंधराचे तीस झाले, तीसचे साठ. घरी द्यायचे पैसे मी एफडी मोडून देत होते आणि रोज न चुकता 'ऑफिसला' जात होते.

ते ऑफिस म्हणजे ठाण्यातला मैत्रिणीचा वन बीएचके. ती नाइट शिफ्टवाली. मी पोचायचे तेव्हा ती झोपायला निघालेली असायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने माझ्या हातात एक हार्ड डिस्क ठेवली. म्हणाली, "यात एक ब्रिटिश सीरियल आहे, 'स्पूक्स'. ऑफिसातल्या लोकांवर आहे. बघत बस, म्हणजे तुझी ऑफिसची सवय मोडायची नाही." आणि बाईसाहेब घोरायला लागल्या.

'स्पूक' म्हणजे भूत, आणि बोलीभाषेत गुप्तहेर. डेव्हिड वोल्स्टनक्रॉफ्टच्या कल्पनेतून आलेली ही मालिका १३ मे २००२ रोजी बीबीसी वनवर सुरू झाली आणि २०११ पर्यंत चालली. दहा सीझन, ८६ एपिसोड. अमेरिकेत ती 'एमआय फाइव्ह' या नावाने दाखवली गेली. एमआय फाइव्ह ही ब्रिटनची देशांतर्गत गुप्तचर संस्था. जेम्स बाँडची एमआय सिक्स, ती परदेशात काम करते. त्यामुळे इथे टक्सिडो नाही, मार्टिनी नाही. इथे आहे फक्त ऑफिस. डेस्क, फायली, मीटिंग रूम, आणि 'एक मिनिट, जरा आत ये' म्हणणारा बॉस. या ऑफिसचं नाव 'ग्रिड'. मालिकेची जाहिरातच होती, 'एमआय फाइव्ह, नॉट नाइन टू फाइव्ह'. नोकरी नसलेल्या मुलीने ती वाचावी, म्हणजे दैवाचा विनोदच म्हणायचा.

चेहरेही ओळखीचे निघाले. 'सक्सेशन'मधला तो केविलवाणा टॉम आठवतोय? तोच मॅथ्यू मॅकफॅडिन इथे तरुण, कडक टॉम क्विन आहे. 'सेल्मा'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग झालेला डेव्हिड ओयेलोवो इथे डॅनी आहे, तर कीली हॉव्ज आहे झोई. (गॉसिपप्रेमींसाठी : मॅथ्यू आणि कीलीची ओळख याच सेटवर झाली आणि २००४ मध्ये त्यांनी लग्नही केलं.) बॉस हॅरी पिअर्सच्या भूमिकेतला पीटर फर्थ मात्र दहाही सीझन टिकून आहे. बाकी कुणाच्याच नोकरीची इथे गॅरंटी नाही. दुसऱ्याच एपिसोडमध्ये हेलन या नव्या मुलीचा मृत्यू इतका भीषण दाखवलाय, की त्यावर तेव्हा अनेक प्रेक्षकांनी तक्रारी केल्या होत्या. हेलन हिरॉइन असणार, असं समजून मी डबा उघडला होता. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

पण बॉम्ब, गोळीबार हे सगळं दोन दिवसांत सवयीचं होतं. मला धरून ठेवलं ते ग्रिडवरच्या फुटकळ, आपल्यासारख्याच भानगडींनी. डॅनी देशाची गुपितं सांभाळतो आणि स्वतः क्रेडिट कार्डच्या कर्जात बुडालाय. मग ऑफिसची यंत्रणा वापरून गुपचूप आपलंच क्रेडिट रेटिंग सुधारून घेतो. तो आणि झोई एकाच फ्लॅटमध्ये राहतात. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि ते तो मनातच ठेवतो. टेसा ही सीनियर, मान असलेली बाई. तिने कागदोपत्री खोटे खबरे तयार केलेत. नसलेल्या माणसांचा मोबदला ती स्वतःच्या खिशात घालते आणि हे झोईला कळल्यावर तिचं तोंड बंद करायला बघते. पुढे रूथ येते, ती मुळात दुसऱ्या गुप्तचर खात्याला बातम्या पुरवायला. पण कालांतराने हीच रूथ त्या ऑफिसची सगळ्यात सच्ची माणूस होते. हॅरीसोबत एकदा जेवायलाही जाते. पण ऑफिसात कुजबुज सुरू झाली म्हणून दुसऱ्यांदा जायला मात्र नकार देते. अतिरेक्यांना न घाबरणारी बाई, कॅन्टीनमधल्या कुजबुजीला घाबरली! सांगा, हे तुमच्या ऑफिसात घडलेलं नाही?

रूथमुळे मला माझी डेस्कमेट आठवली. त्या सहा जणांची यादी तिला दोन आठवडे आधीपासून माहीत होती. रोज माझ्या डब्यातली भाजी खायची आणि एका शब्दाने बोलली नाही. तिच्यावर मी भयंकर चिडले होते. तिचा नंबरही ब्लॉक केला. आणि इकडे मी काय करत होते? रोज रात्री आईला ऑफिसच्या गमती सांगत होते. आज एसी बंद होता, आज कुणाचा तरी वाढदिवस होता, आज केक होता. त्या केकची चवसुद्धा सांगायचे!

या सगळ्यात मला जखम करून गेली ती टॉम आणि एलीची गोष्ट. एली साधी बाई. तिला एक लहान मुलगी आहे, मेझी. तिला वाटतंय, की आपला बॉयफ्रेंड मॅथ्यू आर्चर हा कम्प्युटरचं काम करणारा साधासुधा माणूस आहे. प्रत्यक्षात तो टॉम क्विन. तो तिच्यावर मनापासून प्रेम करतो, मेझीचे लाड करतो, आणि तिला आपलं खरं नावसुद्धा सांगत नाही. का? तर तिच्या सुरक्षेसाठी. पुढे तो खरं सांगतो. तेव्हा एलीचा चेहरा बघा. गुप्तहेर आहे म्हणून ती कोसळत नाही. इतके दिवस मी हाक कुणाला मारत होते, हा तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न आहे. आणि पहिला सीझन कुठे संपतो माहितीये? टॉमने घरच्यांच्या सुरक्षेसाठी बसवलेली दारंच लॉक होतात. आत एली, मेझी आणि बॉम्ब असलेला लॅपटॉप, आणि बाहेर असहाय टॉम. तो बॉम्ब फुटत नाही, पण एली मात्र टॉमला सोडून जाते.

टॉमकडे निदान कारण होतं. एमआय फाइव्हचं अस्तित्वच ब्रिटनच्या कायद्याने मान्य केलं ते १९८९ मध्ये. स्टेला रिमिंग्टन या बाईंचं उदाहरण घ्या. नवऱ्याचं पोस्टिंग नवी दिल्लीच्या ब्रिटिश हाय कमिशनमध्ये होतं. तिथे १९६७ मध्ये त्या एमआय फाइव्हसाठी टायपिस्ट म्हणून काम करायला लागल्या आणि १९९२ मध्ये थेट प्रमुख झाल्या. नेमणूक होताच जाहीरपणे नाव सांगितलं गेलेल्या त्या पहिल्याच प्रमुख. म्हणजे त्याआधी या नोकरीत तोंड बंद ठेवणं हाच नियम होता. मला कुठल्या कायद्याने बांधलं होतं? माझं कारण एकच. बाबांना टेन्शन नको. टॉमच्या दारासारखंच. बसवलं त्यांच्यासाठी, आणि त्याच्या बाहेर अडकले मी.

मग तो गुरुवार उजाडला. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "एज्युकेशन लोनसाठी तुला को-अ‍ॅप्लिकंट करतोय. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप्स दे गं उद्या."

घास घशात अडकणे म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते. दुसऱ्या दिवशी ठाण्याला पोचल्यावर मी सीरियल लावली नाही. लॅपटॉपवर जुनी सॅलरी स्लिप उघडली. महिना बदलायचा, तारीख बदलायची, पाच मिनिटांचं काम. पहिल्या स्लिपवर नवा महिना टाइप करूनही झाला. स्क्रीनवर माझं नाव, माझा एम्प्लॉयी नंबर, आणि खाली नसलेल्या नोकरीचा नसलेला पगार. तेव्हा टेसा आठवली. तीही कागदावरच माणसं बनवत होती ना? मी कागदावर मलाच बनवत होते. आणि तो कागद जाणार होता बँकेत, बाबांच्या सहीसोबत. ज्या माणसाने आयुष्यभर बँकेत बसून लोकांचे कागद तपासले, त्याच्या सहीसोबत.

फाइल डिलीट केली. मैत्रीण झोपली होती. तिला न उठवता दार ओढून घेतलं आणि भर दुपारी घरी आले.

मी सगळं सांगितलं. आई आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मग डबा कुठे खायचीस?" बस, एवढंच. त्यावर मी जी रडायला लागले, ती थांबेचना. बाबा रडले नाहीत, ओरडलेही नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नोकऱ्या जातात गं. पण रोज संध्याकाळी मी तुला विचारायचो, आठ बारा वेळेवर होती का, गर्दी होती का. ते मी कुणाला विचारत होतो?"

थेट एलीचा प्रश्न. आणि बाबांनी तोवर 'स्पूक्स'चा एक एपिसोडही पाहिला नव्हता.

शेवट गोड झाला असं सांगायला मला आवडलं असतं. लोनला मामा को-अ‍ॅप्लिकंट झाले, भावाची अ‍ॅडमिशन झाली, ते ठीक. पण पुढचे कित्येक दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आणि त्यानंतर कधीही मी मीटिंगला निघाले, की ते गॅलरीत येऊन उभे राहायचे. काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. तो पहारा मीच लावून घेतला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

आता मी फ्रीलान्सिंग करते. नॉट नाइन टू फाइव्ह, शब्दशः. डेस्कमेटला अनब्लॉक केलंय. ती अजूनही पहिल्या ओळीत 'सॉरी' लिहिते आणि मी दर वेळी सांगते, की सोड गं, ते काम मी तुझ्यापेक्षा भारी करते. महिना बरा गेला तर घरी सांगते. वाईट गेला तर तेही सांगते. हे दुसरं जास्त जड जातं, पण सांगते.

आणि हो, गेल्या आठवड्यात ती हार्ड डिस्क घरच्या टीव्हीला लावली. बाबांनी पहिला सीझन सुरू केलाय. सबटायटल्स वाचायला चष्मा पुसून बसतात. परवा मध्येच पॉज करून मला म्हणाले, "हा टॉम सांगून का टाकत नाही तिला?"

"सांगेल ना बाबा," मी म्हटलं, "उशिरा सांगेल."

ते 'हं' म्हणाले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि प्ले दाबलं.